पत्रिकेतील एक नाव

दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर न्यूयॉर्कहून आलेला पुतण्या पेढीच्या माडीवर माझ्याजवळ येऊन बसला. ‘काका, माझ्यासाठी मुली पाहू नका. माझे मन पुरुषाकडे ओढ घेते,’ एवढेच तो म्हणाला. मी निरुत्तर झालो. परत जाताना त्याने बायर्ड रस्टिन यांचे चरित्र माझ्या हाती ठेवले.

रस्टिन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्ते. गांधीजींच्या अहिंसेचे तंत्र जाणून घेण्यासाठी ते १९४८ मध्ये भारतात आले होते; पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यांनीच त्याचे मर्म उलगडून दाखवले. परंतु ते समलिंगी होते. न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६० मध्ये तिच्याच खासदाराने त्यावरून खोट्या बदनामीची धमकी दिली आणि किंग यांनी रस्टिन यांना दूर होऊ दिले. परक्यांनी नव्हे, स्वकीयांनी! १९६३ मध्ये सिनेटमध्ये त्यांची निंदा झाली, तेव्हा मात्र वयोवृद्ध नेते फिलिप रँडॉल्फ पाठीशी राहिले आणि सुमारे २,५०,००० लोकांचा वॉशिंग्टन मोर्चा रस्टिन यांनी पार पाडला. उतारवयात ते समलिंगींच्या हक्कांसाठी उघडपणे बोलू लागले.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा पेढीवर आला. निमंत्रकांतून तिच्या भावाचे नाव गाळलेले होते. मी लेखणी उचलली, ते नाव त्याच्या जागी लिहिले आणि मसुदा छापखान्यात धाडला. थोरले बंधू अद्याप माझ्याशी बोलत नाहीत.