दर सांगण्याचे धारिष्ट

कारागिराच्या हातातील कसब सर्वांच्या नजरेस पडते. परंतु त्या कसबाचे मोल सांगताना त्याची जीभ का अडखळते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. सफाईने रंधा चालविणारा सुतार, ओळंब्यात भिंत उभी करणारा गवंडी, चार दिवसांत कळकट खोलीचे रूप पालटून टाकणारा रंगारी, ही माणसे घरमालकापुढे उभी राहिली आणि ‘किती घेणार?’ हा प्रश्न आला, की क्षणभर गोंधळतात. त्या क्षणी जो आकडा तोंडून निघतो, त्यावर पुढचे दोन महिने त्यांच्या घरची चूल अवलंबून असते. वसईच्या निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करताना ही गोष्ट आम्ही जवळून पाहिली आहे. म्हणूनच त्या एका आकड्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या लहानपणी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. घरे कौलारू होती, वाडी-बागायतीवर संसार चालत असे, आणि प्रत्येक आळीचा सुतार व गवंडी ठरलेला असे. पावसाळ्याच्या तोंडी कौले परतायची, लग्नाआधी दारे-खिडक्या दुरुस्त करायच्या, एवढेच काम. तो रोजावर येई, दुपारी घरच्यांसोबत जेवी आणि शनिवारी पैसे घेऊन जाई. दर विचारण्याची गरजच पडत नसे, कारण दोन्ही घरे एकमेकांना तीन पिढ्या ओळखत. गेल्या चार दशकांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कौलांच्या जागी स्लॅब आला, आणि कारागिराला अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून पंधरा मिनिटांत आपला दर सांगण्याची वेळ आली. त्याच दारात अन्य प्रांतांतून आलेले कसबी सुतार आणि रंगारीही उभे असतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. तेही पोटासाठीच आलेले आहेत. परंतु स्पर्धेच्या धाकाने आपल्या कारागिराने जो आकडा खाली आणला, तो अनेकदा त्याच्याच मुळावर आला आहे.

काम घेण्याच्या तीन रीती सर्वांना ठाऊक आहेत. पहिली रोजंदारीची: जितके दिवस, तितके पैसे. तिच्यात काम लांबले तर तोशीस घरमालकाला. दुसरी उक्त्या मजुरीची: माल मालकाचा, मेहनत कारागिराची, रक्कम आधी ठरलेली. तिच्यात दिवस वाढले तर तोशीस कारागिराला. तिसरी मालासकट: तिच्यात दिवसांबरोबर मालाच्या भाववाढीचा बोजाही कारागिराच्याच शिरावर. घरमालकाला दुसरी आणि तिसरी रीत सोयीची वाटते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र जो जोखीम उचलतो, त्याने तिचे मोल आकड्यात धरले पाहिजे. नेमके हेच राहून जाते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुण सुताराची हकीकत सांगतो. त्याने आयटीआयमध्ये शिक्षण घेतले, सात वर्षे एका कंत्राटदाराच्या हाताखाली काढली आणि मग स्वतंत्र धंदा मांडला. हात इतका चांगला, की त्याने बसविलेल्या दाराची फट शोधावी लागे. एके दिवशी तो आखातातील नोकरीसाठी आमच्याकडून वर्तणुकीचा दाखला मागण्यास आला. “फादर, कामे भरपूर आहेत, पण घरात पैसा राहत नाही. बाबांच्या औषधांसाठी दोनदा उसने घेतले. तिथे निदान महिन्याचा पगार तरी ठरलेला असेल,” तो म्हणाला. घरी आजारी वडील, बायको आणि दोन लहान मुले. दाखला देणे आमचे कर्तव्यच होते. परंतु आधी त्याची वही पाहावी असे वाटले.

वहीत शेवटचे काम असे होते. स्वयंपाकघर आणि दोन कपाटे, उक्ती मजुरी ४५,००० रुपये. वीस दिवसांत काम उरकेल असा त्याचा हिशेब होता. मदतनिसाला रोज ७०० रुपये, म्हणजे १४,००० वजा जाता ३१,००० हाती राहावेत. प्रत्यक्षात बत्तीस दिवस लागले. भिंती ओळंब्यात नव्हत्या, तीन दिवस वीज नव्हती, प्लायवूड दोन खेपांत आले. शिवाय ‘जाता जाता हेही करून टाक’ म्हणत घरच्यांनी एक चपलांचे कपाट, एक माळा आणि आल्तारासाठी एक फळी करून घेतली. त्यांचे पैसे मागण्याचा त्याला संकोच वाटला. मदतनिसाचे २२,४०० वजा करता त्याच्या हाती २२,६०० उरले. बत्तीस दिवसांनी भागले, तर रोजचे ७०६ रुपये! मालक आणि मदतनीस यांच्या कमाईत सहा रुपयांचे अंतर, आणि त्या सहा रुपयांत मोटारसायकलचे पेट्रोल, करवतीची पाती आणि ड्रिलची दुरुस्ती.

मग आम्ही कार्यालयातील दिनदर्शिका खाली काढली. संसारास महिना ३०,००० हवेत, म्हणून ३० दिवसांनी भागून तो आपला रोज १,००० धरीत होता. पण वर्षाचे ३६५ दिवस कोणी काम करीत नाही. ५२ रविवार गेले, उरले ३१३. सण, लग्ने आणि मर्तिके यांचे वीस, आजारपण व पावसाचे वीस, जागा पाहणे, माल आणणे आणि थकलेले पैसे मागत फिरणे यांचे पस्तीस, आणि कामच नसलेले अठ्ठावीस दिवस वजा केले, तेव्हा खरे कामाचे दिवस २१० भरले. वर्षाचा संसार ३,६०,०००; हत्यारे, पेट्रोल, फोन आणि विमा यांचे ६०,०००; एकूण ४,२०,०००. भागिले २१०, म्हणजे रोज २,००० रुपये.

आकडा पाहून तो हसला. “फादर, एवढा रोज मला कोण देणार?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रोजावर बोलावणारा एवढे देणार नाही. परंतु स्वतंत्र कारागीर हा केवळ रोजंदार नव्हे. तो जागा मोजतो, माल निवडतो, माणसे सांभाळतो आणि चूक झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करतो. या सर्व श्रमांचे मोल उक्त्या रकमेतच यावयास हवे. अन्यथा ते त्याच्या मुलांच्या ताटातून वजा होते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचे उदाहरण प्रभूने दिले आहे, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. ते शिष्यत्वाविषयी आहे हे खरे. तरी एका सुताराच्या घरात वाढलेल्याने ते दिले, हे आमच्या कारागिरांनी विसरू नये.

आता कागदाविषयी. आपल्याकडे अजूनही पुष्कळ कामे तोंडी ठरतात. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. पण तंटा झाल्यावर कोण काय बोलले हे सिद्ध करणे जड जाते. म्हणून दर कागदावर द्यावा, आणि तोही एका ठोक आकड्यात नव्हे. सात फूट उंच व सहा फूट रुंद कपाट दर्शनी ४२ चौरस फुटांचे असते, आणि गिऱ्हाईक तेवढेच मोजते. परंतु ते दोन फूट खोल असेल, तर दोन बाजू, मधली उभी फळी, वरचा-खालचा तक्ता, पाठ, दारे आणि पाच कप्पे मिळून सुमारे १८० चौरस फूट लाकूड लागते. प्लायवूडची शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फुटांची. कापताना वाया जाणारे धरता सहा-सात शीट होतात, त्यांतली पाठीची पातळ चालते. मग सनमायका, बिजागऱ्या, कड्या, कुलूप, फेविकॉल, वाहतूक. हे सारे ओळीने लिहून दिले, की ‘एवढे कशाचे?’ हा प्रश्न आपोआप मावळतो.

कागदावर आणखी पाच गोष्टी असाव्यात. कामात काय धरलेले नाही, जसे विजेची जोडणी किंवा राडारोडा उचलणे. दर किती दिवस बांधील आहे, कारण भाव स्थिर नसतात. २०२५ च्या सप्टेंबरात सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि भाव वाढण्याचे प्रसंग तर नित्याचेच. पैसे कोणत्या टप्प्यावर किती द्यायचे: बयाणा, अर्धे काम झाल्यावरची रक्कम आणि शेवटची बाकी. काम किती दिवसांत पुरे होईल. आणि जादा काम सांगितल्यास त्याचा दर आधी लिहून, सही घेऊन मगच हात घालण्याची अट. ही शेवटची ओळ असती, तर ती आल्ताराची फळी त्याने हौसेने भेट म्हणून दिली असती, आणि चपलांच्या कपाटाचे पैसे निःसंकोचपणे घेतले असते.

कराबाबतही गैरसमज आहेत. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे, अशा सेवा देणाऱ्यास सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात तो कर लावणे गैर आहे. अशा कारागिराने साधे, क्रमांक घातलेले, सहीचे बिल द्यावे.

कोणी विचारील, एवढे करून गिऱ्हाईक मिळेल कशावरून? त्या सुताराने पुढील पाच कामांसाठी असे कागद दिले. दोन गेली, स्वस्त माणसाने नेली. तीन मिळाली. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षिकेचे होते. त्या त्याला म्हणाल्या, “अरे बाळा, दुसरा तुझ्यापेक्षा अकरा हजारांनी कमी सांगतो.” तो म्हणाला, “टीचर, त्यांच्या कागदावर प्लाय कोणते ते लिहिलेले नाही. तेवढे त्यांना विचारा. तेच प्लाय, त्याच बिजागऱ्या असतील, तर त्यांनाच काम द्या. मला राग येणार नाही.” बाईंनी विचारले. उत्तर गुळमुळीत आले. काम याला मिळाले, आणि पुढे बाईंच्या बहिणीचेही.

गिऱ्हाईक मिळविण्याचे अन्य मार्गही साधेच आहेत. आज फोनवरील अ‍ॅपमधून कारागीर मागविता येतो, हे खरे. परंतु घरात परक्याला घेताना लोक अजून शेजाऱ्याला विचारतात. सांगितलेल्या वेळी येणे, येता येत नसेल तर आधी कळविणे, लहान दुरुस्तीला नाक न मुरडणे, संध्याकाळी भुसा झाडून जाणे आणि पहिला पावसाळा सरल्यावर दार फुगले आहे काय हे पाहण्यास एक फेरी मारणे, या गोष्टींची वार्ता आळीभर पसरते. नाही म्हणण्याचेही धारिष्ट हवे. नाताळापूर्वी रंग हवा असे दहा घरे म्हणतात, आणि रंगारी दहाही घरांना होकार देतो. मग ओल सुकण्यापूर्वीच हात फिरविला जातो, फेब्रुवारीत पोपडे निघतात आणि दहा घरे दुरावतात. पाच घरांना ‘जानेवारीत येतो’ म्हणणारा पाच गिऱ्हाइके टिकवितो.

आमचे शेवटचे मागणे कारागिरांकडे नाही, घरमालकांकडे आहे. तिघांकडून दर जरूर मागवा. पण तिघांना एकच यादी द्या. एकाने लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात धरले असतील, व दुसऱ्याने नुसता एक हात, तर त्या दोन आकड्यांची तुलना अन्यायाची आहे. घासाघीस करावयाची तर कामात करा: एखादा कप्पा कमी करा, साधी कडी घ्या. माणसाच्या मजुरीत करू नका. जो आकडा कारागिराला परवडत नाही, तो आपल्यालाही परवडत नसतो. तो कुठे तरी पातळ प्लायमध्ये, कमी सिमेंटमध्ये, अर्धवट टाकलेल्या कामात बाहेर पडतोच. काम मनासारखे झाल्यावर शेवटचा हप्ता ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणून लांबवू नका. ज्या पस्तीस दिवसांचा हिशेब वर मांडला, त्यांतले कितीतरी दिवस अशा उंबरठ्यांवर जातात.

तो तरुण अद्याप वसईतच आहे. जाईल की राहील, हे आम्ही सांगू शकत नाही. दाखला मागण्याचा त्याचा हक्क कायम आहे. परंतु आपल्या मुलांनी रंधा आणि थापी हाती धरून इथेच मानाने जगावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्यांचा कागद नीट वाचण्याइतका वेळ आपण काढला पाहिजे, आणि त्यावरील आकडा वाजवी असेल, तर तो त्यांच्या तोंडावर ‘बरोबर आहे’ म्हणून मान्य केला पाहिजे.