लाखोळीची पिशवी

एसएलआर रायफलीचं झिरोइंग करायचं तर तिला टेकू कशाचा द्यायचा, यावर गडचिरोलीच्या फायरिंग रेंजवर आमचे जेवढे वाद झाले तेवढे पगारवाढीवरही झाले नसतील. मी पोलिसात लागलो तेव्हा हाती आधी थ्री-नॉट-थ्री आली, नंतर एसएलआर. इन्सास आणि एके वापरणारी पुढची पोरं तिला नावं ठेवत. साडेचार किलोच्या आसपासचं धूड, आणि खांद्याला लाथ घालणारं. पण 7.62 मिमीची गोळी सेकंदाला 800 मीटरहून जास्त वेगाने सोडणारी रायफल मागे धक्का देणारच.

झिरोइंग म्हणजे नजर आणि गोळी एका जागी आणणं. 100 मीटरवर पाच गोळ्यांचा गट मारायचा, गटाचा मध्य बघायचा आणि मग फोरसाइट वर-खाली करायची. गट विस्कटला असेल तर साइटला हात लावायचा नाही, कारण दोष रायफलीचा की माणसाचा हेच कळत नाही. माणसाचं हलणं काढून टाकण्यासाठीच तर टेकू.

आमच्यातल्या एका हौशी जवानाने आलापल्लीच्या सागवानाची घोडी करून आणली. पुढे खाच, वरून चामडी पट्टा, मागे दस्त्याला अडसर. रायफल करकचून बांधली आणि गट असा बसला की सगळे बघायला गोळा झाले. त्यावर साइट लावून तो हातात रायफल घेऊन आडवा झाला, तर अख्खा गट खाली उतरला. आमचे फायरिंगचे उस्ताद हसले. "बांधून कायले ठेवतं तिले? मांग येऊ दे ना बापा!"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल मागे सरकायला लागलेली असते. खाली कठीण लाकूड असलं की ती त्यावरून वर उसळते आणि गोळी वर लागते. तसं धरून साइट लावली की हातातून मारलेली गोळी खाली जाणार. शिवाय रायफलीला मागे जायला जागाच ठेवली नाही तर सगळा मार दस्त्यावर येतो, तो तडकू शकतो. तेव्हा टेकू असा हवा, की रायफल चाप ओढेपर्यंत स्थिर राहील आणि मग मोकळी मागे येईल.

असा टेकू मिळावा म्हणून आधी वैनगंगेची वाळू धानाच्या बारदान्यात भरली, तर ताग विरळ असल्याने ती गळून जायची. ओली राहिली की दगडासारखी कडक. धानाचा तूस भरून पाहिला, पण तो इतका हलका की पोतंच सरकायचं. शेवटी जमलं ते असं : खाली कॅनव्हासच्या पिशवीत कोरडी वाळू, पाऊण भरलेली, म्हणजे रायफल तिच्यात बसते. ही पिशवी हँडगार्डखाली, आणि मध्ये आपला डावा हात. नळीखाली कधीच नाही, नळीला आधार लागला की गोळीची जागा बदलते. उंची एवढी, की एसएलआरचं लांब मॅगझिन जमिनीला टेकणार नाही.

दस्त्याच्या मागच्या टोकाखाली दुसरी, मुठीएवढी पिशवी. तिच्यात लाखोळी भरलेली. आपल्याकडे धानाच्या बांधीत पेरतात ते कडधान्य. दाणे मुठीत आवळले की दस्ता किंचित वर, सैल सोडले की खाली. टार्गेटच्या काळ्या ठिपक्यावर फोरसाइट अगदी केसभर सरकवता येते, खांद्याला जोर न लावता. (एका पावसाळ्यात उंदरांनी ही पिशवी फस्त केली, हा एकच तोटा.)

धक्क्याचंच म्हणाल तर एसएलआरमध्ये आणखी एक सोय असते, गॅस रेग्युलेटर. यंत्रणा चालायला लागतो त्यापेक्षा जास्त गॅस सोडला की धक्काही वाढतो. टेकू शोधण्याआधी हे बघायला हवं, पण पोरं आधी खांद्यावर टॉवेल ठेवतात.

माणूस लाथेइतकाच आवाजालाही दचकतो. मॅगझिनमध्ये मधेच एखादी डमी घालून बघा, चाप ओढताना रायफल खाली झुकते ती लाथेच्या आणि आवाजाच्या भीतीने. म्हणून नव्या पोरांना माझं सांगणं : कानात कापूस कोंबून भागत नाही, इअरमफ घाला. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो. माझा गेला आहे.