मागच्या फळीतून

स्टॉपरचं काम म्हणजे टॅकल, असं प्रेक्षकांना वाटतं. कोल्हापुरात तर वाटतंच. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला सुसाट येणारा फॉरवर्ड आणि त्याच्यासमोर आडवा घुसणारा बॅक एवढं दिसलं की त्याचे पैसे फिटले. पण घसरून टॅकल मारायची वेळ आली म्हणजे त्याआधीच काहीतरी हातचं निसटलेलं असतं. जमिनीवर पडले की पुढचे दोन सेकंद मी खेळात नाही. चेंडू निघाला तर ठीक. नाही निघाला तर समोरची फॉरवर्ड आणि गोली, मध्ये कुणी नाही. चांगल्या दिवशी माझ्या शॉर्ट्सला माती लागत नाही.

मग करायचं काय? उशीर. समोरची चेंडू घेऊन अंगावर येते तेव्हा तिच्यावर तुटून पडायचं नाही, तिला रेंगाळायला लावायचं. दीड-दोन हात अंतर राखून, बारीक पावलं टाकत मागे सरकायचं. छाती तिच्याकडे करून सरळ उभं राहिलं तर दोन्ही बाजू तिला मोकळ्या. तिरकं उभं राहिलं की एक बाजू बंद होते आणि दुसरी आपणच तिला देऊ करतो, साइडलाइनकडची किंवा तिच्या कच्च्या पायाची. ‘चेंडू बघू नकोस, कंबर बघ,’ असं आमचे सर म्हणायचे. पाय फसवतात, खांदेही फसवतात. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातं. तिने वेग कमी केला की तेवढ्यात आमची एखादी मिडफिल्डर धापा टाकत परत येते. एकीला एकीने अडवायचं होतं, तिथे आता आम्ही दोघी असतो. हे सगळं घडताना स्टँडमधून एकच आरोळी येते, ‘जा की अंगावर!’

दुसरं काम बोलण्याचं, आणि मला ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं. गोली सोडली तर अख्खं मैदान समोर असणाऱ्या आम्ही दोन स्टॉपर. मिडफिल्डर आमच्याकडून चेंडू घेते तेव्हा तिची पाठ समोरच्या गोलकडे असते. मागून कोण येतंय ते तिला दिसत नाही, मला दिसतं. मी गप्प राहिले तर ती आंधळी. आता, ज्या घरात पोरीचा आवाज परसातून ओसरीवर आला तरी आजी डोळे वटारायची, त्या घरातल्या मुलीने भर मैदानात नव्वद मिनिटं ओरडायचं. गांधी मैदानावर मुलांबरोबर खेळताना पाय लवकर धीट झाले, गळा फार उशिरा. त्यातही नुसतं ओरडून भागत नाही. नाव न घेता हाक मारली तर दहाच्या दहा जणी वळतात, नाहीतर एकही वळत नाही. आधी नाव, मग एकच शब्द: टर्न, टाइम, लीव्ह, आउट. लीगमध्ये शेजारची स्टॉपर मणिपूरची, लेफ्ट बॅक झारखंडची, गोली तमिळनाडूची. जेवणाच्या टेबलावर आमचं एकमेकींशी धड बोलणं होत नसे, पण मैदानात त्या पाच-सहा शब्दांवर निभावलं.

निभावलं म्हणजे काय, तर लाइन वर काढता आली. समोरच्यांनी चेंडू मागे पास केला की आम्ही चौघींनी एकदम चार पावलं पुढे यायचं. ऑफसाइड ठरतो तो पास मारल्या क्षणी, धावणारीला चेंडू मिळतो तेव्हा नव्हे. त्यामुळे चौघींपैकी एक जरी पाऊलभर मागे राहिली तरी तिघींची मेहनत वाया जाते आणि फॉरवर्ड मोकळी सुटते. हे फळ्यावर शिकवता येतं, सरावात घोटता येतं, पण बसतं ते सामन्यातच. खरी भीती पोटात असताना, पाय जड झालेले असताना, त्याच चौघी पुन्हा पुन्हा एकत्र खेळल्या तरच.

आणि सामनेच नव्हते. इंडियन विमेन्स लीग 2017 मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं तिची तऱ्हा अशी की सगळे संघ एका गावी जमणार, 2019 ला लुधियाना, 2020 ला बेंगळुरू, एक-दोन दिवसांआड सामने, आणि काही आठवड्यांत सगळं गुंडाळून जो तो घरी. त्या दोन्ही हंगामांत कोल्हापूरचाही संघ होता, याचं गावाला कौतुक होतं. पण उरलेलं वर्ष? ज्यांना रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी होती त्यांचं बरं चाललं. त्यांना राष्ट्रीय स्पर्धा होती, खात्याच्या स्पर्धा होत्या. बाकीच्या गावच्या मैदानावर भिंतीशी पास खेळत राहिल्या. फॉरवर्डला हे एक वेळ चालून जातं. उपजत वेग आणि नेम असेल तर ती पहिल्याच सामन्यात गोल करते. स्टॉपरचं तसं नाही. क्रॉस कुठे पडणार, कोणती फॉरवर्ड आधी खांदा लावून मग पळते, कधी थांबायचं आणि कधी पुढे जायचं, हे शेकडो प्रसंग अंगावरून गेल्यावर कळतं. आढीत घातल्याशिवाय कैरी पिकत नाही. लहान लीगने सगळ्यांचंच नुकसान केलं, पण सगळ्यात जास्त आमचं, असं माझं ठाम मत आहे. 2023-24 मध्ये पहिल्यांदा घरच्या आणि परक्या मैदानावर लीग झाली. सात संघ, प्रत्येकी 12 सामने. बारा म्हणजे काही फार नव्हेत. तरी त्या हंगामातले बॅक बघा, हंगाम संपता संपता त्यांच्या उभं राहण्यातच फरक दिसतो.

आशालता देवी याला अपवाद वाटेल. मणिपूरची ही स्टॉपर भारताची कित्येक वर्षं कर्णधार होती आणि 2024 मध्ये तिने देशासाठी शंभरावा सामना खेळला. पण तो अपवाद नाहीच, पुरावा आहे. शंभर सामने खेळल्यावर बॅक तशी दिसते: घाई नाही, धावपळ नाही, चेंडू येतो तिथे ती आधीच उभी.

पुरस्कारांचं म्हणाल तर महिलांचा बॅलन डी’ऑर 2018 पासून आहे, तो अजून एकाही बॅकला मिळालेला नाही. फिफाचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान 2020 मध्ये लुसी ब्राँझला मिळाला, ती राइट बॅक. मला याचं फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. 20 जानेवारी 2022, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आशियाई करंडक, भारत विरुद्ध इराण. इराणची ही पहिलीच आशियाई स्पर्धा. आपल्या मुलींनी रेटा लावला, पण त्यांची बचावफळी आणि गोली हलल्या नाहीत. 0-0. आपला गोल झाला नाही म्हणून हळहळत असतानाही माझी नजर त्यांच्या स्टॉपरवरच होती. दोघींमधलं अंतर शेवटपर्यंत तुटलं नाही. पुढे आपल्या संघात करोना शिरला, पुढच्या सामन्याला संघ उभा करता आला नाही, आणि भारताचे सामनेच रद्दबातल धरले गेले. त्या इराणी मुलींची नव्वद मिनिटं गुणतक्त्यातून पुसली गेली.

त्याच वर्षी, त्याच मैदानावर, 30 ऑक्टोबरला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं, तेही स्वयंगोलवर. स्वयंगोल झाला की लोक त्या मुलीचं नाव लक्षात ठेवतात. पण गोलसमोरून चेंडू आडवा जात असेल आणि पाठीमागे फॉरवर्ड टपलेली असेल, तर पाय घालावाच लागतो. न घालणारीला कुणी नावं ठेवत नाही, कारण तिची चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

हल्ली सुट्टीत मुलींचं शिबिर घेते. वॉर्म-अपला वेळ जास्त देते. मुलींचा गुडघा मुलांपेक्षा कितीतरी सहज जातो, आणि बॅकला तर दुसरीच्या मर्जीने अचानक वळावं लागतं. सगळ्यांनाच पुढे खेळायचं असतं. पालक सांगतात, ‘ताई, हिला मागे नका ठेवू, दिसत नाही ओ तिथं.’ प्रघात असा की उंच मुलगी दिसली की तिला मागे ढकलायचं. मी पहिले दोन दिवस नुसते सामने लावते, छोट्या मैदानावर, पाच-पाच जणींचे, आणि बाहेर उभी राहून ऐकते. परवा एक बुटकी पोर आपल्याहून मोठ्या मुलीला दरडावत होती, ‘गं ए, डावीकडं बघ, ती सुटली!’ तिला मी मागे घेतलं. पुढच्या शनिवारी शेजारच्या शाळेशी सामना ठरवलाय, आणि त्याच्या पुढच्याही.