दूध, पण दुधात
लेकीला घरीच शिकवायला घेतलं, तेव्हा रोज दहा ओळी शुद्धलेखन घालायचे. अक्षर वळणदार झालं. पण स्वतःचं एक वाक्य लिही म्हटलं, की पेन्सिल चावत बसायची. मग ‘मनाला येईल ते लिही’ करून पाहिलं. ते मलाच वाचता येईना.

ईदनंतर तिनं नानीच्या शीरखुर्म्यावर अर्धं पान लिहिलं. त्यात ‘दूधात’. लाल पेन मी दुपारपर्यंत कपाटात ठेवलं. आधी विचारलं, ‘नानी काय म्हणाली?’ तिनं दोन वाक्यं वाढवली, एक चक्क घरच्या दखनीत. ते तसंच राहू दिलं. दुपारी एकच नियम: दूध, पण दुधात.

‘अम्मी, मग खजूर, खजुरात?’

शरीर-शरीरात हा तत्सम शब्दांचा अपवाद अजून तिला सांगितलेला नाही.