डोकं खरंच दुखतंय

टेस्टिंगवाल्यांना आवडेल असा एक प्रयोग सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइलच्या सिग्नलने डोकं दुखतं म्हणणारी ६० माणसं घेतली, आणि असा काही त्रास नसलेली ६०. प्रत्येकाच्या डोक्याजवळ ५० मिनिटं यंत्र. कधी खरा सिग्नल, कधी नुसताच देखावा. आत्ता काय चालू आहे ते ना त्या माणसाला माहीत, ना प्रयोग घेणाऱ्याला.

निकाल? खरा सिग्नल असताना त्रासवाल्यांपैकी ६० टक्के म्हणाले, सिग्नल आहे. आणि सिग्नल नसताना? ६३ टक्के!

इथे आपली इंजिनियर जमात खूश होते. 'बघा, सगळे मनाचे खेळ!' बग क्लोज्ड. पण जरा थांबा. त्या लोकांची डोकी दुखली होती. सिग्नल नसतानाही तेवढीच दुखली. म्हणजे बग आहे राव, फक्त आपण शोधतोय त्या मॉड्यूलमध्ये नाही. त्रास होणार या धास्तीनेच त्रास होणं, याला नोसिबो म्हणतात. प्लसिबोचा उलट्या काळजाचा भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये हेच सांगितलं होतं: लक्षणं खरी आहेत, पण ती या लहरींमुळे होतात म्हणायला आधार नाही.

आमच्या सोसायटीत टॉवरवरून मीटिंग झाली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "दोन वर्षं धड झोप नाही मला." मागे कोणीतरी फिसकन हसलं. एकाने नियम ऐकवला, की २०१२ मध्ये भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. खरंय ते. पण आकडे ऐकून कोणाला झोप लागलीय?

नंतर जिन्यात विचारलं, "काकू, डॉक्टरांना दाखवलंत?"

"कशाला रे? टॉवरमुळेच आहे ना ते!"

मला भीती याचीच वाटते. थायरॉइड असेल, अर्धशिशी असेल, डिप्रेशन असेल. या सगळ्यांवर उपचार आहेत. पण टॉवरवर बोट ठेवलं की तपासणी थांबते. आणि 'नाटकं आहेत' म्हणून हसलं तरी थांबतेच. मग त्या रिकाम्या जागेत रेडिएशन शोषणारे स्टिकर विकणारे बरोब्बर येऊन बसतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी वायफायने डोकं दुखतं म्हणालं, तर राउटरवर वाद घालू नका. कधीपासून दुखतंय, ते विचारा.