झाकलेली फळी

दोंडाईचा म्हटले की लोकांना मिरचीचा बाजार आठवतो, स्टार्चचा कारखाना आठवतो, सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन आठवते. होडी कुणाला आठवत नाही. गावातली अमरावती नदी वर्षातले बरेच महिने नावापुरतीच नदी असते. पण उत्तरेला तापी आहे. तिच्यावर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज बांधले गेले, पाणी अडू लागले आणि त्या पाण्यावर जाळे टाकून पोट भरणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकीच एका आबांची फायबरची जुनी होडी एका एप्रिल महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून आमच्या शेडसमोर आली.

अब्बा मूळचे सुतार. पुढे फायबरचे काम शिकले. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, ट्रकचे बंपर हे त्यांचे रोजचे काम. होडी क्वचितच येई. पण लाकूड आणि फायबर दोन्ही ओळखणारा मिस्तरी आसपास नसल्यामुळे आली की ती त्यांच्याकडेच येई. सुट्टीच्या दिवसांत मी त्यांच्या हाताखाली असायचो.

आबांची तक्रार साधी होती. इंजिन जोरात चालवले की होडीची मागची पाटी हलते. मशीनवाल्या होडीत ही पाटी सर्वांत महत्त्वाची. मिस्तरी लोक तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचे सगळे वजन तिच्यावर लटकते आणि पंख्याचा सगळा रेटाही तीच झेलते. ती सुटली तर इंजिन तळाला जाते आणि पाठीमागून पाणी आत शिरते. होडीवर आबांचा मुलगा रात्री-अपरात्री जात असे. त्याला पोहता येत होते, पण काळोखात, जाळ्याच्या दोऱ्यांत पाय अडकलेले असताना पोहण्याचा काय उपयोग?

आबांनी उपायही स्वतःच सांगितला. "वरथून पट्टी मारी द्या, रंग दी द्या मिस्तरी. काम चाली जाई."

अब्बांनी उत्तर दिले नाही. हातोडीच्या दांड्याने ते पाटीवर ठोकत गेले. कडेला आवाज टणक येत होता. इंजिनाच्या बोल्टांजवळ आणि खाली पाणी काढायच्या बुचाजवळ तो बद्द येऊ लागला. मग त्यांनी आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारले. वरच्या कोपऱ्यात कोरडा, पिवळसर भुसा निघाला. मधोमध मात्र ड्रिलच्या टोकाला चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा चिकटून आला. त्याला पावसाळ्यातल्या बंद कोठीचा वास होता.

आबा गोंधळले. फायबर सडत नाही म्हणून तर त्यांनी लाकडी होडी सोडून ही घेतली होती. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काचेचे धागे आणि रेझिन यांना बुरशी खात नाही. पण नुसत्या फायबरच्या पातळ पत्र्यावर इंजिन टांगता येत नाही, म्हणून त्या काळच्या बहुतेक होड्यांत पाटीच्या पोटात प्लायवूड भरलेले असे. वरून फायबर, आतून फायबर, मध्ये लाकूड. इंजिनासाठी त्यातूनच भोके पाडतात. भोकाच्या आतले लाकूड उघडेच राहिले की बोल्टाच्या कडेने पाणी झिरपते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. फायबरचे जे कवच लाकडाला वाचवायला घातले, तेच त्याला वाळू देत नाही. त्यात खारे पाणी बुरशीला थोडे तरी आवरते. तापीचे पाणी गोडे, आणि काठावर उघड्या पडलेल्या होडीत साचणारे पावसाचे पाणीही गोडेच. समुद्रावरच्या होडीपेक्षा नदीवरच्या होडीचे लाकूड लवकर कुजते ते यामुळे.

अब्बांनी ग्रायंडर घेतला आणि आतल्या बाजूचे फायबर चौफेर कापून काढले. कडेने तीनेक बोटे पट्टी ठेवली, पुढे नवे फायबर तिच्यावर चढवता यावे म्हणून. बाहेरचे कवच तसेच राहू दिले, कारण नव्या लाकडासाठी तोच साचा होता. आबा कळवळले. "चांगली होडी फाडी टाकी!"

त्यावर अब्बांनी त्यांना मूसा अलैहिस्सलाम आणि खिज्र यांचा किस्सा सांगितला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो सूरह कहफमध्ये वाचलेला असतो. अल्लाहच्या एका बंद्याबरोबर मूसा होडीत बसतात. रिवायतींत त्या बंद्याचे नाव खिज्र येते. तो होडी फोडतो. मूसा विचारतात, यातली माणसे बुडवायची आहेत का? उलगडा शेवटी होतो. होडी पाण्यावर राबणाऱ्या गरिबांची होती आणि मागे एक बादशहा प्रत्येक होडी बळाने हिसकावत होता. ऐब असलेली होडी त्याने घेतली नसती. आबांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "मग ते भोक नंतर बुजवलं कोणी?" अब्बा हसले. म्हणाले, "कुणीतरी मिस्तरीच असेल, आबा."

सडलेले लाकूड चमच्याने निघावे तसे निघाले. चांगले लाकूड मात्र पटाशीने झगडून काढावे लागले. अब्बांनी तेही ठेवले नाही. त्याच्या रेषांत ओल किती दूर गेली हे डोळ्यांना दिसत नाही. मग आठवडाभर होडी नुसती वाळू दिली. खानदेशाच्या उन्हाला आपण एरवी शिव्या देतो. त्या आठवड्यात त्याने फुकट काम केले.

नव्या प्लायवूडच्या वेळी खरा प्रश्न आला. साधे कमर्शियल प्लाय स्वस्त मिळते. मरीन प्लायवर आय.एस. ७१० चा शिक्का असतो, ते उकळत्या पाण्यातही सुटत नाही आणि किंमतही तशीच असते. एकदा वर फायबर चढले की आत काय आहे ते कुणाला दिसणार नव्हते. आबांना नाही, त्यांच्या मुलाला नाही. साधे प्लायसुद्धा काही हंगाम निघाले असते. हिशेब लिहिता लिहिता मी हे बोलून दाखवले. अब्बा म्हणाले, "जे दिसतं ते काम. जे झाकलं जातं ती अमानत." त्यांनी मरीन प्लायचे १९ मिलीमीटरचे दोन थर घेतले आणि फरकापोटी स्वतःची मजुरी कमी केली.

पुठ्ठ्याचा नमुना कापून प्लाय बेतले. पाटीचा कल पूर्वीइतकाच ठेवला, कारण तो बदलला तर पंख्याचा रेटा बदलतो आणि होडी नाक उचलते किंवा खुपसते. प्लायच्या कडांना आधी रेझिन पाजले, कारण लाकूड पाणी पिते ते कडेनेच. मग जाड पुट्टी पसरून ते बाहेरच्या कवचावर बसवले आणि आडव्या लाकडांनी, क्लॅम्पांनी असे आवळले की चारी बाजूंनी पुट्टी बाहेर आली. ती बाहेर येणे म्हणजे आत पोकळी न राहणे.

एप्रिलमध्ये रेझिन मिस्तरीला वेळ देत नाही. दुपारी चाळीसच्या वर पारा असताना ते मग्ग्यातच तापून दगड होते. म्हणून फजरची नमाज होताच काम सुरू व्हायचे आणि हार्डनरही कमी घ्यायचा. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचा, हार्डनर त्यानंतर. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय अब्बा मला बाटली हातात देत नसत. कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई दिली, कारण काचेचे कापड काटकोनात बसत नाही, उचलले जाते आणि खाली हवा राहते. मग मॅट, रोव्हिंग, पुन्हा मॅट. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद.

इंजिनाची भोके शेवटी पाडली. आधी हवी त्याहून मोठी, मग ती इपॉक्सीने भरून टाकली आणि ती कडक झाल्यावर मधोमध नेमके भोक. आता बोल्ट लाकडाला शिवतच नव्हता.

त्या कामानंतर मला अनेकदा वाटत आले आहे की आपल्या मोहल्ल्याची, आपल्या जिल्ह्याचीही दुरुस्ती आपण आबांच्या पहिल्या उपायानेच करतो. धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा झाली. शांतता समित्या बसल्या, ईद-दिवाळीला गळाभेटी झाल्या. ते सगळे हवेच, रंगही हवाच. पण बोल्टांची भोके कुठे उघडी राहिली, पाणी कुठून शिरले, हे ठोकून पाहणारे थोडे. आपल्या घरातही तेच. तलाकचे प्रश्न, मुलींचे अर्धवट सुटलेले शिक्षण यांवर कुणी ड्रिल मारले की आपण ओरडतो, "चांगली होडी फाडली!" ठोकणारा शत्रू आहे की मिस्तरी, हे ओळखण्याची खूण मला एकच दिसते. मिस्तरी फाडल्यावर निघून जात नाही, भरून देईपर्यंत थांबतो.

होडी सारंगखेड्याला पाण्यात उतरवली तेव्हा अब्बा स्वतः मागे बसले. इंजिन पूर्ण जोरात असताना त्यांनी पाटीवर हात ठेवून पाहिला. पाटी हलत नव्हती. आबांनी उरलेले पैसे माशांच्या हंगामात देण्याचे कबूल केले आणि दिलेही. निघताना अब्बांनी त्यांच्या मुलाला दोनच गोष्टी सांगितल्या. होडी काठावर ठेवताना नाक उंच ठेवून मागचे बूच काढायचे, आणि नवे भोक पाडायचे असेल तर आधी दोंडाईचाला यायचे.