उत्तरमेरूरची भिंत आणि हिशेबाची अट

मे महिन्यात तामिळनाडूत फिरायला जाऊ नये असे सर्वच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण मुलांची सुट्टी आणि आमची रजा यांचा मेळ त्याच महिन्यात बसतो. या उन्हाळ्यात आम्ही कांचीपुरम गाठले. आठव्या शतकातले पल्लवांचे कैलासनाथ मंदिर, मग एकांबरेश्वर, मग रेशमी साड्यांची दुकाने, हा प्रवाशांचा ठरलेला क्रम आम्हीही पाळला. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते तेथून तीसेक किलोमीटरवर असलेल्या उत्तरमेरूर या लहानशा गावाविषयी.

येथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या दगडी भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील दोन शिलालेख आहेत, एक इ.स. 919 चा, दुसरा इ.स. 921 चा. गावाच्या सभेने आपल्या समित्या कशा निवडाव्यात, याचे ते नियम आहेत. पुराभिलेखतज्ज्ञ वेंकय्या यांनी केलेले त्यांचे इंग्रजी भाषांतर पुरातत्त्व खात्याच्या 1904-05 च्या वार्षिक अहवालात छापले गेले. त्याची प्रत मी सोबत नेली होती, कारण मला तमिळ लिपी वाचता येत नाही, आणि इतकी जुनी तर नाहीच नाही.

गावाचे तीस वॉर्ड होते. प्रत्येक वॉर्डातील पात्र व्यक्तींची नावे चिठ्ठ्यांवर लिहायची, वॉर्डवार जुड्या बांधून मडक्यात टाकायच्या आणि लहानथोर सर्वांसमक्ष सभा भरवायची. ज्येष्ठ पुजाऱ्याने मडके सर्वांना दिसेल असे वर उचलायचे. आत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही अशा लहान मुलाने एक जुडी काढायची. ती जुडी दुसऱ्या मडक्यात मोकळी करून, हलवून, त्यातली एक चिठ्ठी पुन्हा त्याच मुलाने काढायची. मध्यस्थाने ती पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यायची. हातचलाखीला वावच नको! मग नाव मोठ्याने वाचायचे, आणि उपस्थित पुजाऱ्यांनीही ते वाचायचे. आपल्याकडे महापालिका व जिल्हा परिषदांच्या आरक्षणाची सोडत शाळकरी मुलांच्या हातून काढतात. अशा सोडती ज्यांनी पार पाडल्या आहेत त्यांना हे वर्णन वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

निवडलेल्या तिसांपैकी बारा जण वार्षिक समितीत, बारा बागांच्या समितीत आणि सहा तलावाच्या समितीत जात. मुदत 360 दिवस. दोष सिद्ध झाला तर मुदतीची वाट न पाहता तात्काळ दूर करायचे.

मला अधिक महत्त्वाचा वाटला तो दोन लेखांमधला फरक. पहिला नियम केल्यावर दोनच वर्षांत सभेला तो बदलावा लागला. वयाची अट 30 ते 60 होती, ती 35 ते 70 झाली. आणि अपात्रतेचे कलम बरेच कडक झाले. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो तर अपात्र होताच. आता त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, सासरे, मेहुणे, भाचे, जावई हेही अपात्र ठरले. कलमात इतकी नाती मोजून लिहावी लागली, यावरून त्या दोन वर्षांत काय घडले असावे याचा अंदाज प्रशासनात काम केलेल्या कोणालाही येईल. असो.

त्याच लेखात हिशेबनिसासाठी स्वतंत्र अट आहे. आपल्या काळातला हिशेब मोठ्या समितीतील ज्येष्ठांपुढे मांडून तो प्रामाणिक ठरल्याखेरीज त्याला पुन्हा त्या कामावर नेमायचे नाही. आणि ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो सादर करायचा. तो पुरा करायला दुसरा माणूस चालणार नाही.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. नोकरीत एका कार्यालयाचा कार्यभार मी घेतला, तेव्हा कपाटात मागील आठ-नऊ वर्षांचे लेखा आक्षेप पडून होते. ज्यांच्या सहीने खर्च झाला ते तिघे बदलून गेले होते, एक निवृत्तही झाले होते. प्रमाणके सापडत नव्हती. वर्षभर मी अशा खर्चाची उत्तरे लिहीत होतो, जो मी पाहिलाही नव्हता. आपल्या व्यवस्थेत आक्षेप कार्यालयावर निघतो आणि माणूस पुढे जातो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 10 क नुसार निवडणूक खर्चाचा हिशेब न देणाऱ्या उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येते; पण तो हिशेब त्याने निवडून येण्यासाठी केलेल्या खर्चाचा असतो.

या लेखांना लोकशाहीचा आदर्श म्हणून मिरवण्याची पद्धत आहे. 2020 मध्ये नव्या संसद भवनाच्या पायाभरणीच्या भाषणातही त्यांचा उल्लेख झाला. तो करताना पात्रतेच्या अटी वाचाव्यात हे बरे. ही ब्राह्मणांच्या गावाची सभा होती. उमेदवाराकडे पाव वेली करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदांचे ज्ञान हवे. भूमिहीन मजुराला त्या मडक्यात स्थान नव्हते, स्त्रियांना तर नव्हतेच. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, ते काम उत्तरमेरूरच्या सभेला सुचलेही नसते.

परत आल्यावर एका प्रशिक्षण वर्गात मी हिशेबनिसाची अट फळ्यावर लिहिली आणि विचारले, हा नियम आज लावला तर? एक तरुण तहसीलदार म्हणाले, "सर, मग निम्म्या बदल्या थांबतील." मागच्या बाकावरून लेखाशाखेच्या एक बाई म्हणाल्या, "थांबू द्या की." त्यानंतरचा तास ठरलेल्या विषयाकडे परत वळलाच नाही.